लाल पेनाचं टोपण न काढणाऱ्या शकीला मॅडम

२०१९ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि कोणाचं ऐकायचं नाही ही माझी सवय त्याहून थोडीच लहान. त्या वर्षी आमच्या गावच्या शाळेत शकीला मॅडम आल्या. रोज परतवाड्याच्या जीपमधून उतरत. लाल पेन नेहमी टोपण लावलेला. पोराचं उत्तर चुकलं की आधी विचारत, "काहून बरं?" कारण पटलं की टोपण निघतच नसे.

माझी नात तनू तेव्हा दुसरीत. बोलायला वकील, पुस्तक उघडलं की मुकी. एक दिवस बाहेरची माणसं पोरांची बुद्धी मोजायला छापील पेपर घेऊन आली, आणि तनूच्या कागदावर 'अप्रगत' असं लिहून आलं. मी तडक शाळेत गेलो.

"पोरीचं नाव कापा. माह्या घरची पोर मंद नाही. उद्यापासून येत नाही ते."

"बसा त आबाजी. पेपर पाह्यला का?"

"मले काय दाखवता?"

"काहून, भेता का?"

असं म्हटल्यावर मी बसलोच.

मॅडमनी न सोडवलेला पेपर पुढे ठेवला आणि प्रश्न वाचून दाखवला. बैल, शेळी, ट्रॅक्टर. यात वेगळं कोणतं? मी शेळीवर बोट ठेवलं.

"काहून बरं?"

"बैल अन् ट्रॅक्टर वावर वाहते, शेळी वावर खाते. हे काय इचारणं झालं!"

दुसऱ्या चित्रात घर, खिडकीत दोन माणसं, बंद दार. चित्रात काय राहिलं? मी म्हटलं, "चपला. मानसं घरात हायेत, त बाहेर चपला नोको?" पेपरवाल्यांना दाराची कडी हवी होती म्हणे.

मॅडमनी तनूचा पेपर माझ्यापुढे सरकवला. तिचीही शेळी, तिच्याही चपला. दोन्हींवर लाल फुल्या, परक्या पेनाच्या.

"घ्या आबाजी, तुमीबी अप्रगत!" मॅडम एवढ्या हसल्या की बाजूच्या वर्गातली पोरं डोकावली. हसू मलाही आलं, पण मी ते मिशीत ठेवलं.

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हा पेपर चुकला, हे मी लिहून देईन. पण तनूले अक्षरं ओळखू येत नाहीत, हेबी खरं. घ चा ध होते, ओळ पळते. डोकं बिलकुल चांगलं हाय, रीत येगळी पाहिजे. घरी बसवली त ते जलमभर सोताले मंदच समजन."

मी तिसरीत शाळा सोडली ती बापाला वावरात हात हवा होता म्हणून, असं मी अख्ख्या गावाला सांगत आलो. खरं म्हणजे याच घ आणि ध पायी मार खाऊन पळालो होतो. बायकोलाही ठाऊक नव्हतं. मॅडमला मी ते सांगून टाकलं, आणि तेही त्यांनी 'काहून' न विचारता.

"मंग दोघाईलेबी शिकवीन," त्या म्हणाल्या. "मातीत मोठं अक्षर काढाचं, बोट फिरवाचं, तोंडानं म्हनाचं."

पुढे मॅडमची बदली अकोल्याकडे झाली. तनू अजून हळूच वाचते, पण वाचते. हे लिहिलेलं तिनंच तपासलं, आणि 'काहून बरं?' विचारून मला बेजार केलं.

पण तो पेपर पाहिला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात पाणी शिंपडलं, तनूशेजारी उकिडवा बसलो आणि बोटानं मातीत घ काढला.

"आबा, हा ध हाय."

"घ हाय."

खात्री दोघांनाही नव्हती. मग तिचा हात धरला आणि विचारायला शाळेत गेलो. जीप अजून यायची होती.