डेअरीच्या कुठल्या कोपऱ्यापासून?

एवेलियो कास्कांते एकतीस वर्षं गावच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवत आला होता, आणि त्या ट्यूबावरून सख्ख्या मेव्हण्यानेच ट्रक मागे घेतला. वाद्य पार भाकरीसारखं चपटं झालं. मेव्हणा म्हणाला, "दिसलं नाही हो!" एवढं ढीगभर पितळ ज्याला दिसत नाही, त्याला ट्रक चालवायला कोण देतं, देव जाणे.

एवेलियो कॉफीच्या कारखान्यात बिया भाजायचा. त्या पगारात घर चालायचं, ट्यूबा येत नसे. सान बार्तोलोची जत्रा तोंडावर आलेली. बँडचे म्होरके डॉन मार्सियाल यांनी आठवडाभर कळ काढली आणि मग खाली बघत सांगितलं, "एवेलियो, येत्या शनिवारपर्यंत वाद्य आलं नाही तर शेजारच्या गावातला माणूस बोलवावा लागेल रे." त्यांचंही चूक नव्हतं. ट्यूबाच नसेल तर जत्रेत मुखवटे घालून नाचणाऱ्यांनी पाय टाकायचे कशावर?

त्याच रविवारी एवेलियोने मोबाइलवरच्या कसिनोत तीन हजार कोलोन लावले आणि चक्क साडेसहा लाख जिंकले. "ओदिली! अगं ओदिली!" बायको हातातली तोर्तिया तव्यावर तशीच टाकून धावत आली. आलाहुएलातला एक म्हातारा वादक आपला जुना ट्यूबा नेमका तेवढ्यालाच विकत होता. नवराबायकोने स्वयंपाकघरातच एक गिरकी घेतली. तोर्तिया करपली, पण पोटभर हसू आलं.

पैसे काढायला कसिनोने पत्ता मागितला. एवेलियोने वर्षानुवर्षं लिहिला तोच लिहिला: 'जिथे दूध डेअरी होती तिथून शंभर मीटर दक्षिणेला, हिरवं फाटक.' डेअरी बंद पडून बावीस वर्षं झाली. आता तिथे टायरचं दुकान आहे, पण टायरच्या दुकानावरून पत्ता सांगणारा माणूस इथला नव्हेच. विजेचं बिलसुद्धा डेअरीवरूनच येतं. ते बिल त्याने जोडलं. कसिनोचं उत्तर आलं: 'अमान्य. रस्त्याचं नाव आणि घराचा क्रमांक द्या.'

गावात कोणाकडेच दोन्ही नव्हतं. मग त्याने जागेचा फोटो पाठवला. उत्तर आलं, 'फोटोत डेअरी दिसत नाही.'

"दिसेल कशी?" एवेलियो मोबाइलवरच ओरडला. "ती नाहीच!"

अडकलेल्या रकमेखाली एक बटण सारखं चमकायचं: 'वाट कशाला पाहता? याच पैशांतून खेळा.' ज्याने कोणी ते बटण तिथे ठेवलं, त्याला माणसाचा अंगठा चांगलाच ठाऊक असणार. बुधवारी एवेलियोचा अंगठा त्यावर टेकणार, इतक्यात ओदिलीने मोबाइल हिसकावून घेतला.

"अगं, फक्त पन्नास हजारांचा एक डाव. दुप्पट झाले तर—"

"आणि बुडाले तर? जत्रेत नुसते गाल फुगवून उभे राहणार आहात का? मोबाइल आता माझ्याकडे. तुम्ही सांगा, मी लिहिते."

एवेलियोला राग आला. तासाभराने लाज वाटली. त्याने दोघांसाठी कॉफी केली.

शुक्रवारी संध्याकाळी मोबाइलवर कसिनोच्या मदतीच्या खिडकीत 'व्हिक्टोरिया' नावाची कोणी होती. गुळगुळीत, छापील बोलायची. ओदिलीने पाचव्यांदा तोच पत्ता लिहिला. मग एकच ओळ उमटली: 'डेअरीच्या कुठल्या कोपऱ्यापासून?'

एवेलियो खुर्चीतून उठलाच.

"ओदिली, ही इथलीच आहे! परक्याला हा प्रश्न सुचणारच नाही!"

ओदिलीने लगेच लिहिलं, 'वरच्या कोपऱ्यापासून, पोरी. जिथून चर्च दिसतं.'

'मी राजधानीत, सान होसेत बसते, डॉन एवेलियो,' उत्तर आलं. 'व्हिक्टोरिया हे साहेबांनी दिलेलं नाव. माझी आजी तर तोडलेल्या उंबरापासून पन्नास मीटरवर राहते! कागद तपासणारे समुद्रापार आहेत, त्यांना वाटतं तुम्ही थट्टा करताय. बँकेच्या कागदावर हाच पत्ता असेल ना? तो पाठवा. या देशात पत्ते असेच असतात, हे मी त्यांना समजावते. नाहीच पटलं तर माझं स्वतःचं विजेचं बिल दाखवते!'

कागद गेला. शनिवारी सकाळी दहाला पैसे बँकेत आले.

"आधी ते कसिनो पुसा," ओदिली म्हणाली. त्याने तिच्यासमोर पुसलं. मग दोघं बसने आलाहुएलाला गेली. मेव्हण्याने ट्रक देऊ केला होता, त्याला हात जोडले. येताना कंडक्टरने ट्यूबाचंही तिकीट मागितलं आणि ओदिलीने ते हसत हसत काढलं.

जत्रेच्या दिवशी पहाटे पाचला बँड गाव उठवायला निघाला. एवेलियो येताच डॉन मार्सियाल बाजूला सरकले आणि मागच्या ओळीतली त्याची जागा मोकळी झाली. त्याने श्वास भरला, फुंकर मारली. कुत्री भुंकली, खिडक्या उघडल्या, मुखवटा घातलेली उंच बाई गरगर फिरू लागली. पण एवेलियोचे डोळे वाहत होते आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याचा सूर थरथरत होता.

डॉन मार्सियालनी मागे वळून पाहिलं. एवेलियोने ओशाळून ओठ बाजूला घेतले.

"थांबतोस काय? फुंक!" डॉन मार्सियाल म्हणाले. "आज थरथरला तरी चालेल."