वैशालीची नायिका दारातच उभी

“सूनबाई रोज दुपारी घर सोडून जाती बघ. लई कटाळली पोरगी. तरास देनारं मानूस कोन म्हनशील, तर…”

तर काय? तर कुकरची शिट्टी! एकामागून एक, थांबेचना. शिट्ट्या संपल्या तेव्हा बाई कांद्याच्या भावावर पोचल्या होत्या. त्या अर्ध्या वाक्यानं माझी अशी काही शोभा केली म्हणता, की विचारू नका!

आधीच सांगते, लोकांच्या घरात डोकवायची मला मुळीच सवय नाही. त्या दिवशी वैशालीच्या दाराला कान लावून उभी होते, ते केवळ तिला डबा द्यायला. बेल वाजवण्याआधी आत काय चाललंय एवढं तरी बघायला नको का?

जुळे सोलापुरात आमचे फ्लॅट समोरासमोर. वैशाली शाळेत शिकवते. सकाळची शाळा, दुपारी मोकळी. फोनवर बोलत होत्या त्या तिच्या सासूबाई, आक्का. मोहोळच्या. लेकीला सांगत होत्या.

उरलेलं वाक्य माझं मीच पूर्ण केलं. तेवढी हुशारी दहावी नापास बाईतही असते. त्रास देणारा माणूस म्हणजे नवरा! दुसरं कोण असणार? तो महेश दिसायला गरीब गाय, जिन्यात भेटला तर मान वर करत नाही. असलेच असतात!

तसा मला आधीपासून संशय होताच. मी रोज दुपारी जायची, तर वैशालीचं लक्ष कुठंतरी, बोटांना शाई, उत्तर काय तर ‘हं, हं’. दुःखाशिवाय बाई अशी होते का? म्हणून तर मी बिचारीला धीर द्यायला चहा होईपर्यंत बसायची. चहा झाला की पिऊन होईपर्यंत. हल्ली आठवडाभर मात्र बेल वाजवली की आक्काच दार उघडून ‘भाईर गेलीय’ म्हणायच्या. म्हणजे ही रोज घर सोडून जातेय!

दुसऱ्या दिवशी तिच्या स्कूटीमागे मी रिक्षा लावली. हातात शेंगापोळ्यांचा डबा. उपाशी असली म्हणजे?

अक्कलकोट रोड, एमआयडीसी. स्कूटी थांबली ती महेशच्याच टॉवेलच्या कारखान्यासमोर. घ्या! शिकलेल्या बायकोला मागावर राबवतोय मेला!

आत माग असे खडखडत होते की माझा मला आवाज येईना. वैशाली कोपऱ्यात टॉवेलच्या गठ्ठ्यावर, मान खाली घालून. मी धावत जाऊन मिठीच मारली. ती दचकली, ओरडली. मी बेंबीच्या देठापासून ओरडले,

“घाबरू नकोस वैशाली! तो महेश छळतो ना तुला? मी आहे!”

आणि ‘घाबरू नकोस’ला वीज गेली. माग थांबले. पुढचं सगळं अख्ख्या कारखान्यानं नीट ऐकलं.

एका मागाखालून तेलकट हातांनी महेश बाहेर आला. “काकू, मी? मी काय केलं वो?”

“मग ही रोज घर सोडून का येते?”

“कादंबरी लिहायला की!”

“पहिलीच आहे, काकू,” वैशाली कागद गोळा करत म्हणाली. “रोज एक पान लिहायचंच, असं ठरवलंय.”

“या खडखडाटात?”

“इथं कुणी बोलूच शकत नाही ना. घरी बसलं की एकसारखी बेल…”

“अगं, पण एवढं येतं तरी कोण तुझ्याकडं?”

वैशालीनं माझ्या हातातल्या डब्याकडं बघितलं. महेशनं बघितलं. मागावरच्या कारागिरांनीसुद्धा बघितलं.

“डबा रिकामा कसा परत द्यायचा?” ती हळूच म्हणाली. “म्हणून मी चिवडा करते. चिवडा दिला की तुम्ही धपाटे आणता. धपाट्यांवर मी लाडू देते. श्रावणापासून माझी नायिका सासरच्या दारात उभी आहे, काकू. अजून उंबरा ओलांडला नाही तिनं. आता वाटतं, द्यावं सोडून.”

“अजिबात सोडायचं नाही!” मला गलबलूनच आलं. “आजपासून तुझा उंबरा मी ओलांडणार नाही. तो तुझ्या नायिकेनं…”

वीज आली. आयुष्यात एकदा इतकं सुंदर वाक्य सुचलं, ते खडखडाटात गेलं. डबा गठ्ठ्यावर ठेवला आणि निघाले.

तर ऐकलेलं खरं निघालं का? घर सोडून जाते, खरं. त्रासाला कंटाळून, तेही खरं. नवऱ्याचं तेवढं खोटं, आणि ते मी ओरडेपर्यंत कुणी म्हटलंही नव्हतं म्हणा.

मी शब्द पाळला. दुपारी टीव्ही बघितला. दाराला कान लावला नाही. फारसा. वैशाली घरीच लिहू लागली.

मग एक दिवस आक्का माझा डबा घेऊन आल्या. स्वच्छ धुतलेला, आणि आत काही नाही! इतक्या वर्षांच्या संसारात मला कुणी रिकामा डबा परत केला नव्हता. आधी वाईट वाटलं. मग म्हटलं, वा गं पोरी! एवढं धाडस केलंस, आता तुझी कादंबरी होणार! मला लई आनंद झाला. इतक्या आनंदात पोरीचं तोंड गोड करायला नको? शेंगापोळ्या लाटल्या, डबा गच्च भरला आणि समोरची बेल वाजवली.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

बिचारी नायिका! त्या दारात ती उभी, या दारात मी.