पुना आबाचा मंत्र आणि प्रेमराजची केळी

लिलाबाईंचा जादूवर विश्वास नव्हता. अंगणवाडीत एकतीस वर्षं नोकरी केली. पोराची दृष्ट काढायला निघालेल्या आयांना त्यांनी आधी दवाखान्यात पाठवलं आणि मग समजावलं. जादूटोणाविरोधी कायदा आला तेव्हा तो सांगत तालुक्यातल्या ज्या चार बायका खेडोपाडी फिरल्या, त्यांत लिलाबाई एक. घरात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, दाराला लिंबू-मिरची कधीच नाही. आणि त्यांच्याच परसातल्या पत्र्याच्या खोलीत सावद्याचा एकुलता एक मांत्रिक राहत होता. गावाला याची गंमत वाटे.

लिलाबाईंना वाटत नसे. पुना मांत्रिक नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. टीव्हीवर ज्याला ड्रॅगन म्हणतात, तो तो होता.

"ड्रॅगन चिनी ऱ्हातस," पुना म्हणे. त्याला तो शब्द आवडत नसे. "मी सातपुडाना शे."

शिरपूरच्या वरच्या डोंगरातून तो कधी खाली उतरला हे त्याने नीट सांगितलं नाही. धुळ्याकडच्या खेड्यांत बरीच वर्षं काढल्यामुळे त्याच्या तोंडात अहिराणी बसलेली. लिलाबाईंचं माहेर धुळ्याचं. सावद्याची बोली वेगळी. सासरी आल्यापासून घरात माहेरची भाषा बोलायला कोणी नव्हतं. पुनाला खोली मिळाली ती बरीचशी या कारणाने.

तो कोण आहे हे कळलं ते एकोणतीस वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका दुपारी. लिलाबाई कैरीच्या लोणच्याची बशी घेऊन परसात गेल्या. दार लोटलेलं होतं. आत पुना झोपला होता, पण माणसाच्या रूपात नव्हता. ओल्या काळ्या दगडासारखं अंग, जुन्या छत्रीसारखे मिटलेले पंख, आणि शेपटीचे कणगीभोवती दीड वेढे. अंगाखाली पितळेचा ढीग होता. त्यात तुटके नळ, स्टोव्हचे बर्नर, बैलांच्या घंटा, एक बिनबुडाची समई. लिलाबाईंनी बशी उंबऱ्यावर ठेवली, दार ओढून घेतलं आणि घरात जाऊन त्या दोन तांबे पाणी प्यायल्या. संध्याकाळी त्यांनी त्याला एकच विचारलं.

"पोरेस्ले काही करशी का?"

"नही, अक्का."

"मंग ऱ्हाय."

त्या दिवशी पुना पासष्ट वर्षांचा दिसत होता. आजही तेवढाच दिसतो. लोक म्हणत, जडीबुटी खातो. भर उन्हाळ्यात तो काळा कोट घालून फिरे. महिन्यातून एकदा एसटीने जळगावला जाऊन सराफ बाजारात दुकानांसमोर तासभर उभा राही, आणि काही न घेता परत येई. एकदा दुकानातल्या रखवालदाराने हटकलं, तर म्हणाला, "पाहू बी नये का?" आठवडे बाजारात तो जादूचे खेळ करी. रुमाल गिळणं, नाकातून धूर काढणं, जळता बोळा तोंडात ठेवणं. कबुतराचा खेळ मात्र त्याला कधी जमला नाही. कबुतरं त्याच्याजवळ थांबतच नसत.

ही जादूगारी त्याने विचार करून पत्करली होती. माणसाला एखादी गोष्ट समजली नाही की माणूस तिला जादू म्हणतो आणि पुढे विचारत नाही, हे त्याने फार पूर्वी ओळखलं होतं.

मंत्राचं प्रकरण मात्र त्याने ठरवून सुरू केलं नव्हतं. तेरा वर्षांपूर्वीच्या एका जानेवारीत थंडीची लाट आली. पारा सात-आठच्या खाली गेला की केळीला चरका बसतो. पानं पिवळी पडतात, वाढ खुंटते, निसवणारा, म्हणजे बाहेर पडू पाहणारा घड पोग्यातच, कोवळ्या पानांच्या सुरळीतच अडकतो. पहाटे पायी फिरायची पुनाची सवय होती. एकदा तो हेमराज नावाच्या शेतकऱ्याच्या बागेतून आडवा गेला. आठ दिवसांनी हेमराजला दिसलं की सगळ्या बागेत नेमक्या दोन ओळी हिरव्यागार आहेत. बांधावरच्या ओलीत बुटांचे ठसे होते. तो पुनाच्या दारात आला.

"आबा, काय केलं तुम्ही?"

पुना सापडला होता. "मंत्र म्हटला," तो म्हणाला.

तेव्हापासून दर हिवाळ्यात बोलावणं येऊ लागलं. पहाटे पुना कोटाची बटणं सोडून बागेत शिरे, तोंड किंचित उघडं ठेवून ओळीओळीने चाले, आणि ओठातल्या ओठात पुटपुटे. दव उडून पांढरी वाफ होई. बांधावरचे शेतकरी हात जोडून उभे राहत. एका पहाटे चार बागा होत. मग घरी येऊन तो लिलाबाईंच्या चुलीत दोन्ही हात कोपरापर्यंत घालून घटकाभर बसे. मोबदला म्हणून पितळेचं जुनं भांडं घेई, दुसरं काही नाही.

चूक झाली ती अशी. पूर्वी थंडी पडली की त्या शिवारातले शेतकरी पहाटे मोटर सुरू करून बागेला पाणी देत, बांधावर कपाशीच्या काड्या आणि पाचटाचे ढीग पेटवून धूर करत. आजूबाजूची गावं आजही तेच करतात. पण सावद्याच्या या शिवारात काड्या साठवणं हळूहळू बंद झालं. लोक थंडीची बातमी ऐकून पुनाच्या दारात नंबर लावू लागले. लिलाबाईंनी कितीदा सांगितलं.

"शेकोट्या लावा रे. पाणी द्या."

"बाई, आबा हायेत नं," उत्तर ठरलेलं.

त्यांनी पुनालाही सुनावलं होतं. तो मान हलवी, पण लोकांना नाही म्हणत नसे. दारात उभं राहून कोणी आपल्याला 'आबा, चला' म्हणतं, हे त्याला आवडू लागलं होतं.

यंदा जानेवारीत सलग तीन दिवस पारा सहावर आला. तिसऱ्या पहाटे पाचवा नंबर प्रेमराजचा होता. प्रेमराज चाळिशीचा, दोन हजार झाडांचा धनी, शिवारात सगळ्यांत निगुतीने शेती करणारा. त्याने मोटर बंद ठेवली. काड्या तर नव्हत्याच. घरी बसून वाट पाहिली. पुना आलाच नाही. आठवड्यात बाग पिवळी पडली.

प्रेमराजने पोलीस ठाण्यात अर्ज दिला. मंत्राने केळी वाचवतो असं सांगून पुना नावाच्या माणसाने फसवणूक केली, याच्यावर जादूटोण्याचा कायदा लावा आणि गावातून हलवा. हवालदारांनी लिलाबाईंना बोलावून घेतलं.

"बाई, या कायद्यातलं आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. तुमच्याच घरी राहतो. सोमवारपर्यंत लेखी द्या. भोंदू असेल तर आत घेतो."

लिलाबाईंनी आयुष्यात खोट्या कागदावर सही केली नव्हती. वजनात न भरणाऱ्या पोराचं वजन रजिस्टरला वाढवून लिहा म्हणून वरून सांगितलं होतं, तेव्हाही नाही. आता 'भोंदू आहे' लिहावं तर पुना कोठडीत जाणार, आणि कोठडीत झोप लागली की त्याचं खरं रूप उघडं पडणार. 'भोंदू नाही' लिहावं तर मंत्र खरा ठरणार, आणि पुढच्या थंडीत पाचाऐवजी पन्नास जण काड्यांविना बसणार.

परसात पुना घंटा पुसत बसला होता.

"मी चालना जास, अक्का," तो म्हणाला. "डोंगर काही लांब नही."

"डोंगरमा आते कोन शे तुन्हं?"

पुनाने पुसायला पुढची घंटा घेतली.

"मंत्र खोटा शे ना?"

"शे."

"मंग बठ्ठास्ले सांग, साऱ्या गावले. तू स्वतः सांग."

"मंत्र शे म्हनीसन लोके आबा म्हनतस," पुना म्हणाला. "नही तं कोन म्हनी?"

"नको म्हनोत. तू ऱ्हाशी ना आठे."

रविवारी दुपारी सोसायटीच्या ओट्यावर तीसेक शेतकरी जमले. लिलाबाई खुर्चीवर. पुढे प्रेमराज हाताची घडी घालून. पुना उभा राहिला आणि कोटाची बटणं लावू लागला. वरचं लावून झालं, तरी बोलेना.

"आबा, कोटाला मुहूर्त लागतो का?" मागून कोणीतरी म्हणालं.

"मंत्र खोटा आहे," पुना म्हणाला. "मला कोणताच मंत्र येत नाही."

मग हेमराज म्हणाला, "मग तेरा वर्षं पुटपुटता काय?"

पुनाने जमिनीकडे पाहत सावकाश म्हणून दाखवलं, "पाळधी, धरणगाव, अमळनेर, बेटावद, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा."

क्षणभर कोणाला कळेना. सुरत लाइनवर नेहमी जाणारा एक म्हातारा आधी हसला, मग सगळे.

"अन् नंदुरबार राह्यलं नं, आबा!"

"नंदुरबार बागेच्या शेवटी येतं," पुना म्हणाला.

हसू वाढलं. ज्यांनी हात जोडले होते तेच आता एकमेकांच्या मांडीवर थापा मारत होते. पुनाचे कान राखाडी झाले. लिलाबाईंनी नजर वळवली नाही. हे त्यांनीच त्याला करायला लावलं होतं.

प्रेमराज हसला नाही.

"स्टेशनं झाली," तो म्हणाला. "मग हेमराजभाऊची बाग कशी वाचली? काही नाही तर चार बागा हिरव्या अन् माही एकटीच पिवळी काहून?"

आता ओटा पुन्हा ऐकू लागला. पुनाने लिलाबाईंकडे पाहिलं. लिलाबाई उठल्या.

"त्याच्या अंगात ऊब जास्त आहे. जन्मापासूनची," त्या म्हणाल्या. "जादू नाही, देवाची कृपा नाही. कोणाचा आवाज मोठा असतो, कोणाचे पाय लांब. याच्या अंगात ऊब आहे. हात धरून बघ."

प्रेमराजने पुनाचा हात धरला. धरून ठेवायचा त्याने प्रयत्न केला, पण पाच आकडे मोजण्याआधीच सोडला आणि तळवा धोतराला पुसावा तसा पॅन्टला पुसला. तो काही वेळ स्वतःच्या तळव्याकडे बघत राहिला. त्याने पुढे विचारलं ते वेगळंच, आणि आवाज खाली आणून.

"मग माह्याकडे काहून नाही आला?"

"आलो होतो," पुना म्हणाला. "चार बागा झाल्या, अंगात काही उरलं नव्हतं. तुझ्या बागेत दोन पावलं गेलो अन् पाय थरथरायला लागले. विहिरीकडच्या कोपऱ्यात, बांधावर बसून राहिलो. उजाडेपर्यंत. तुला सांगायची लाज वाटली."

विहिरीकडच्या कोपऱ्यातली अकरा झाडं हिरवी होती. रोज सकाळी प्रेमराज ती पाहत होता, आणि त्याचा उलगडा त्याला कोणीच करून दिला नव्हता. त्याने स्वतःही ते कोणाला सांगितलेलं नव्हतं. पुनाने नेमका तोच कोपरा सांगण्याचं दुसरं कारण नव्हतं.

"अकरा झाडं," तो शेवटी म्हणाला. बाकीच्यांना त्याचा अर्थ कळला नाही.

"दोष माझा आहे," पुना म्हणाला. "मी पहिल्या वर्षीच सांगायला हवं होतं की काड्या पेटवा."

"काड्या माह्याजवळ नव्हत्या," प्रेमराज म्हणाला. "तो दोष तुमचा कसा?" आणि लिलाबाईंकडे वळला. "बाई, अर्ज मागे घ्यायला कोणाला भेटावं लागते?"

सोमवारी सकाळी लिलाबाईंनी ठाण्यात बसून लिहिलं. अर्ज मागे घेतला तरी हवालदारांना फाइलला कागद हवा होता. त्यांनी लिहिलं : माझ्या परसात राहणारा पुना हा इसम मंत्राने काही करत नाही. तसं त्याने गावासमोर कबूल केलं आहे. यापुढे तो मंत्र म्हणणार नाही. थंडीत केळीला पाणी द्यावं आणि धूर करावा, असं शेतकऱ्यांना सांगितलं आहे.

सही करण्याआधी त्यांनी वाचून पाहिलं. 'इसम' या शब्दावर त्या थांबल्या.

"काही चुकलं का, बाई?" हवालदारांनी विचारलं.

"नाही," लिलाबाई म्हणाल्या, आणि सही केली.

पुढचे पंधरा दिवस पुनाला बरे गेले नाहीत. बाजारात त्याने रुमाल काढला की पोरं 'दोंडाईचाऽऽ' ओरडत. हेमराज रस्त्यात भेटला तर दुसरीकडे पाहू लागला. दारात कोणी येत नसे. पुना खोलीतच पडून राही. लिलाबाई दोन वेळची भाकरी नेऊन देत, आणि ती अर्धीच संपे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात थंडीची आणखी एक लाट आली. त्या पहाटे शिवारात बऱ्याच वर्षांनी बांधाबांधावर धूर दिसला. लिलाबाई ओट्यावर शाल घेऊन उभ्या असताना फाटकाबाहेर मोटरसायकल थांबली. प्रेमराज होता. तोंडाला मफलर, हात काजळीने काळे.

"आबा, येता का?"

पुना दारात आला. केस विस्कटलेले, कोट उलटा घातलेला.

"मंत्र म्हणणार नाही मी."

"मंत्र मांगतो कोण?" प्रेमराज म्हणाला. "काड्या दवाने ओल्या झाल्या. अर्धी काडेपेटी संपली, पेटून नाही राह्यल्या. पेटवून द्या फक्त. मी तिकडे तोंड करून उभा राहीन."

पुनाने एकदा लिलाबाईंकडे पाहिलं. मग कोट काढून सरळ घातला, बटणं लावली, आणि मोटरसायकलवर मागे बसला.

"घट्ट धरू नका, आबा," प्रेमराज गाडी सुरू करत म्हणाला. "जॅकेट नायलॉनचं हाय."