नवव्या गाण्यातली चार मिनिटं

मिलिंद गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा मी गेर्लिंगेनच्या ऑफिसात मीटिंगला निघालो होतो. "भाऊजी, ह्यांना पहाटे अटॅक आला..." एवढंच त्या बोलू शकल्या. सहा आठवडे झाले, म्हणून आता कबूल करतो. मला आधी दुःख झालं नाही, भीती वाटली. मी त्याला शेवटचं काय बोललो होतो, ते वहिनींना ठाऊक असेल का?

आम्ही ड्रेस्डेनला एकत्र शिकलो. हॉस्टेलात त्याला रेगे संगीताचं वेड लागलं, तेही एका खास प्रकारच्या सीडींचं. बास आणि ड्रमचा एकच ठेका, म्हणजे 'रिडिम', आणि त्यावर पंधरा-वीस गायकांची आपापली गाणी. मी वैतागायचो, "अरे, किती वेळा तेच?" तो म्हणायचा, "तेच कुठे? आमटी तीच, घरं वेगळी!"

पुढे मी इकडे गेर्लिंगेनला आलो, तो तिथेच कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात राहिला. मागच्या वर्षी त्याची नोकरी गेली. घरी बसून त्यानं स्वतः बास गिटार वाजवून एक रिडिम रेकॉर्ड केला आणि ओळखीच्या मराठी माणसांना एकेक करून स्वयंपाकघरात माइकसमोर बसवलं. त्याच्या सासूबाईंनी ओव्या म्हटल्या, सांगलीच्या एका विद्यार्थ्यानं एसटीच्या कंडक्टरसारखी थांब्यांची नावं पुकारली, त्याच्या मुलीनं, मीरानं, जर्मन बडबडगीत म्हटलं. अशी आठ गाणी झाली. नववं माझं. हॉस्टेलात भांडी घासताना मी एकोणतीसचा पाढा म्हणायचो, तोच त्याला हवा होता. "ये रे एखाद्या शनिवारी. चार मिनिटं राखून ठेवलीयेत तुझी."

मी चारदा हो म्हणालो. पाचव्यांदा म्हणालो, "मिल्या, आधी नोकरी शोध. हे खेळ नंतर." तो हसला. "गेनाऊ, अगदी बरोबर, साहेब," म्हणाला आणि फोन ठेवला. मला वेळ होता. माझी नोकरी टिकली होती, आणि त्याच्यासमोर जाऊन बसायची मला लाज वाटत होती, एवढंच.

गेल्या शनिवारी त्याच्या घरी गेलो. वहिनींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते ह्यांनी सांगितलं होतं मला. पण म्हणायचे, येईल तो, दम धरा."

मीरानं सीडी लावली. नवव्या गाण्यात नुसताच ठेका होता. तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी खोकलं. "पापा," मीरा म्हणाली. गिटार वाजवताना तो खोकला होता. ठेका तोच, म्हणून आठही गाण्यांत तो खोकला आहेच, पण गाणाऱ्यांच्या आवाजाखाली झाकला गेलाय.

"काका, तुम्ही म्हटलंत तर इथंही झाकला जाईल," ती जर्मनमध्ये म्हणाली. मग थोड्या वेळानं, "तरी म्हणा. पापाला हवं होतं."

येत्या शनिवारी पुन्हा जातोय. ऑफिसला जाताना गाडीत सराव चालू आहे. एकोणतीस सत्ते दोनशे तीन झालं की मी थांबतो, त्याला खोकू देतो, आणि मग पुढे म्हणतो... एकोणतीस अठ्ठे दोनशे बत्तीस.