मेंदूतली अफू आणि सावजी रस्सा

रक्तदाबाची गोळी मी माझ्या अकलेने बंद केली आणि तिच्या जागी सावजी रस्सा सुरू केला.

आधार होता. मोबाइलवर वाचलं होतं की आपल्या मेंदूत अफूसाठी खास खाचा असतात. अफू शरीर स्वतःच बनवतं, तिखट खाल्लं की ती पाझरते आणि जीव शांत होतो. जीव शांत म्हणजे रक्तदाब कमी, हे पुढचं संशोधन माझं. आम्ही कोष्टी, सावजी रस्सा मूळ आमच्याच घरचा. हातमाग आजोबांबरोबर गेला, मी ऑफिसात फायली सरकवतो, पण रस्सा सुटला नाही. उमरेडला साळ्याच्या, म्हणजे बायकोच्या भावाच्या घरी वाटीवर वाटी तर्री प्यालो. साळा नाक पुसून पुसून बेजार, माझ्या डोळ्यात टिपूस नाही. याला खानदानी मेंदू लागतो, असं मी त्याला समजावलंही.

मग दाढ सुजली. गाल पुरीसारखा फुगला, पण दुखणं नावालाच. त्याचंही श्रेय मी खाचांना दिलं. बायकोने ऐकलं नाही, लकडगंजातल्या दातांच्या डॉक्टरणीकडे नेलं. पोरगी तरुण. पू झालाय, दाढ आजच काढू, म्हणाली आणि दंडाला पट्टा बांधला. आकडा पाहून दुसऱ्या दंडाला बांधला. मग हातातला चिमटा परत ठेवून दिला. एवढ्या प्रेशरवर दाढ काढली तर रक्त थांबायचं नाही, आणि ठेवली तर पू जबड्यात उतरेल. गोळी घेता ना, असं तिने विचारलं. मी फुगल्या गालाने खाचांवर व्याख्यान दिलं.

"खाचा आहेत, काका," ती म्हणाली. "पण प्रेशर चढलेलं असलं की बऱ्याच जणांना दुखणंच कमी जाणवतं. त्यात त्या अफूचाही हात असावा म्हणतात. तिखट सोसल्याने प्रेशर उतरत नसतं. उलट ते चढलंय म्हणून तुम्हाला तिखट सोसत असेल."

म्हणजे रडणारा साळा ठणठणीत, आणि खानदानी मेंदू सुजल्या दाढेसकटच मरणार होता. तिने पू आटवायचं औषध दिलं, आधी फिजिशियनकडे जाऊन गोळी सुरू करा, मगच दाढ, असं बजावलं. मी मान डोलावली.

बायको मात्र खुर्चीतून उठेना. तिला काहीतरी उलगडलं होतं.

"आता समजलं, डॉक्टरीणबाई," ती म्हणाली. "मी इतकी वर्सं बोलून राहिली, तरी यायच्यावर काही असर काहून होत नाही ते."