मधोमधची जागा
गाडीच्या पूजेत कापराचा वास आला की मला देवीच्या आधी एक काळी डबी आठवते. ऐंशीच्या दशकात धाकटे दीर अमेरिकेहून नाशिकला आले, तेव्हा सासऱ्यांच्या गाडीसाठी ती घेऊन आले होते. रस्त्यात पुढे कुठे पोलीस यंत्राने गाड्यांचा वेग मोजत असले की ती म्हणे वाजायची. आमच्याकडचे पोलीस नुसता हात दाखवून गाडी अडवत, पण वणीला निघताना दीर ती काचेखाली मधोमध बसवायला लागले. तिथे सप्तशृंगीची छोटी मूर्ती होती. “आई, देवीला जरा बाजूला घेऊ का? मधून यंत्राला समोरचं नीट दिसतं.” “देवीलाही दिसतं,” सासूबाई म्हणाल्या, “तुझं यंत्र पोलीस कुठे आहेत ते सांगेल. घाटातलं वळण सांगेल का?” सासरे स्टीअरिंगमागे हसू दाबत बसले. डबी कोपऱ्यात गेली आणि जाऊन-येऊन एकदाही वाजली नाही. दीर परत गेले त्या दिवशी पाहिलं, तर मधली जागा रिकामी. “देवी त्याच्या बॅगेत घातली,” सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, “तिकडे एकटाच गाडी चालवतो तो.” मग त्यांनी कोपऱ्यातली डबी उचलून मधोमध ठेवली, आणि पुढे कितीतरी वर्षं दर मंगळवारी तिलाच कुंकू लावलं.