जहाज मोडण्याआधी

जनामावशी आदल्या संध्याकाळीच दिंडोरीहून आमच्या नाशिक रोडच्या घरी मुक्कामाला आल्या होत्या. सकाळच्या मुंबईच्या गाडीत त्यांना खिडकी मिळाली. त्यांचा मुलगा प्रल्हाद आणि मी सत्तरच्या दशकात एकाच पुरवठा जहाजावर (भर समुद्रात युद्धनौकांना तेल, पाणी, रेशन पोचवणारं जहाज) खलाशी होतो. बारा वर्षांपूर्वी तो त्यावरून समुद्रात पडला. देह सापडला नाही. ते जहाज आता मुंबईत, दारुखान्याच्या जहाजतोडणी धक्क्यावर मोडायला आलंय, असं मी कळवलं, तेव्हा मावशी एवढंच म्हणाल्या, “मला दाखव.”

कसाऱ्याच्या घाटात त्यांनी भाकरी-ठेच्याचं फडकं सोडलं. मला वाढलं, स्वतः घास घेतला नाही.

“समुद्र हितून दिसतो का?”

“अजून लांब आहे, मावशी.”

दारुखान्यात टॅक्सीवाल्याने भलत्याच फाटकाशी उतरवलं. चिखलात मावशींच्या चपलेचा अंगठा तुटला. त्या अनवाणीच चालल्या. जहाजाचा पुढचा भाग कापून नेला होता. आम्ही झोपायचो त्या जागेतून आभाळ दिसत होतं.

“बाईमाणसाला वर सोडत नाही,” मुकादम म्हणाला.

“माझं पोर हितूनच गेलं, दादा.”

मग त्यानेच हात धरून त्यांना शिडी चढवली.

मी डावीकडचा कठडा दाखवला. इथे प्रल्हाद तेलाच्या नळीपाशी उभा होता. नळी पेलणारा ताणलेला दोर तुटला आणि त्याच्या फटक्याने प्रल्हाद बाहेर फेकला गेला. मावशी खालच्या काळ्या पाण्याकडे बघत राहिल्या.

“दोन दिस शोधलं ना त्याला? तू पत्रात लिव्हलं व्हतं.”

त्यांना धीर यावा म्हणून मी तसं लिहिलं होतं. त्या जागी उभं राहून पुन्हा खोटं बोलवेना.

“नाही, मावशी. शेजारच्या युद्धनौकेला नळी जोडलेली होती. ती सोडवेपर्यंत थांबता येईना. वळून आलो तेव्हा तो दिसला नाही. अंधार पडेपर्यंत शोधलं, मग निघालो.”

त्या रडल्या नाहीत. कठड्यावर हात ठेवून म्हणाल्या, “मंजी एकटाच व्हता.”

परतीच्या गाडीत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांना गावी पोचवलं. द्राक्षबागांत मजुरी करून वाकलेले प्रल्हादचे वडील, तात्या, खाटेवर बसले होते. मी दारातूनच निघालो, तर मावशींनी माझं मनगट धरलं.

“आत चल. त्यांनाबी सांग. लय वर्सं आमी त्या दोन दिसांवर काढली.”

मी सगळं सांगितलं. तात्यांनी मान खाली घालून ऐकलं आणि विचारलं, “पाणी लय गार व्हतं का रं?”

ते मला खरंच ठाऊक नव्हतं. बारा वर्षांनी का होईना, मी जे होतं तेच सांगितलं, “ठाऊक नाही, तात्या.”